काडतुसांच्या वहीची उलटी बाजू

१४ जून

ही वही माझ्या नवऱ्याची, हॅल्वरची. पुढून उघडली की त्याची काडतुसं, मागून उलटी धरली की मी. तो गेल्यापासून चार वर्षं शेडमधल्या फळीवर पडून होती, निम्मीअधिक कोरी. कागद चांगला जाड आहे. रेघा मात्र उन्हाने उडाल्यात.

लिहायला बसायचं कारण म्हणजे माझा जावई. नात म्हणाली, "बेस्टा, बाबांबद्दल तुला जे बोलायचं असतं ते लिहून ठेवत जा ना. तू बोललीस की आई सिंकपाशी जाऊन भांडी आपटते." ब्रिटा चोवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, तिला वाटतं कुठल्याही दुखण्यावर वही हेच औषध. लहानपणापासून मला बेस्टाच म्हणते, माझ्या आजीला मी म्हणायचे तसं. माझी शाळा सातवीला सुटली, पण लिहिता मला येतं, आणि या विषयावर तर पानं पुरायची नाहीत.

तर वेंडल. माझ्या जोलीनचा नवरा. अंगण ओलांडलं की त्यांचं घर. हा माणूस सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत वजनमापं तपासतोय. धान्याच्या कोठारांचे काटे, पेट्रोलचे पंप, खाटकाचा तराजू. लोकांच्या काट्यावर आपलं वजन ठेवायचं, मान हलवायची, चिकटपट्टी लावायची, पुढच्या गावाला जायचं. एवढ्यावर पगार. या मार्चमध्ये त्याला एकाएकी वाटलं की आपणही घरी काडतुसं भरावीत. इतकी वर्षं दुकानातून डबे आणायचा, बटाट्याची पोळी, लेफ्सा, घरी न लाटता पाकिटातली आणणाऱ्या बायका असतात तसा. आता त्याने एक निळं यंत्र घेतलंय. दांडा एकदा ओढला की एका दमात पाच कामं होतात म्हणे. हॅल्वर एका वेळी एक काम करायचा आणि ते झालं की कॉफी प्यायचा. त्यामुळे आमच्या घरात कॉफी भरपूर संपली, पण बंदूक कधी बिघडली नाही.

हॅल्वरची पानं सरळ आहेत. तारीख, शिसं कुठून आणलं, बंदुकीची दारू किती, आणि शेवटच्या घरात 'पाहिलं'. त्या घरात एकेचाळीस वर्षं एकच अक्षर, 'आ.' म्हणजे आर्डिस, म्हणजे मी. तो काडतुसांच्या पितळी पुंगळ्या भरायचा, मी बघायचे. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या, दारू घातलेली, वर गोळी अजून बसवायची आहे. अशा वेळी टॉर्च घेऊन एकेकीत डोकवायचं. सगळीकडे दारू एकाच उंचीला दिसली पाहिजे. एखादी रिकामी नको, एखादीत दोनदा पडलेली नको. भरणाऱ्याने स्वतः बघायचं नाही, असा हॅल्वरचा नियम. म्हणायचा, भरणाऱ्याच्या डोळ्याला तेच दिसतं जे हाताने केलंय असं त्याला वाटतं.

आता तो नाही, मग नियम कुणी पाळायचा? मीच भरते, मीच बघते. वहीत लिहीत नाही, कारण स्वतःच्या सहीखाली स्वतः सही कशाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या नेमबाजी क्लबची जुन्या रायफलींची स्पर्धा. जोडीने नेम धरायचा. लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि सगळ्यात लांब मेंढे. ब्रिटाकडे हॅल्वरची रायफल, माझ्याकडे माझी, दोन्हीला काडतूस एकच, आणि ते मीच भरलेलं. गेल्या वर्षी एका डुकराने आमचा बक्षिसाचा हॅम घालवला. यंदा तो हॅम मी टेबलावर ठेवणार आणि वेंडलला शेपटाकडचा तुकडा वाढणार.

२१ जून

आज शिसं वितळवलं. टायरवाल्याकडून आणलेली चाकांची वजनं, थोडं कथील, वर मेणाचा खडा. मेण पेटतं, धूर होतो, मळ वर येतो, तो पळीने काढून टाकायचा. खालचं शिसं मग असं चमकतं की त्यात तोंड बघावं. शेडचं मोठं दार उघडं ठेवून करते मी हे, आणि नंतर हात दोनदा धुते, हे जोलीनने वाचलं तर तिच्यासाठी लिहून ठेवते.

हॅल्वरच्या साच्याला एका बाजूला बारीक टवका आहे. एकोणऐंशी साली त्याच्या हातून फरशीवर पडला होता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गोळीच्या बुडाशी चंद्रकोरीएवढी खूण येते. सगळ्या क्लबला ती ठाऊक आहे. साचा गार असतो तोवर पहिल्या काही गोळ्यांवर सुरकुत्या पडतात, त्या परत भांड्यात टाकायच्या. पण नवल म्हणजे यंदा एकाही गोळीवर सुरकुती नाही. पहिलीपासून शेवटचीपर्यंत गुळगुळीत. शेवटी माझा हात आता बसला म्हणायचा, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आणि गंमत सांगू का, आरशातही माझ्या सुरकुत्या कमी दिसतात. चर्चमधल्या बायका कसली कसली मलमं चोपडतात आणि त्यांची तोंडं तशीच.

वेंडल आला. अंगात कातड्याचा एप्रन, तोंडावर काचेचा मुखवटा, कोपरापर्यंत हातमोजे. मधमाश्यांच्या पेटीत उतरायला निघाल्यासारखा.

"आई, पश्चिमेकडे ढग आहेत. भांड्यात थेंब पडला तर शिसं उसळेल."

"वेंडल, मी या भांड्याशी उभी होते तेव्हा तुझी आई तुझे लंगोट वाळत घालत होती."

तो हसला. त्याला राग येत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. टॉवेलवरची एक गोळी उचलून त्याने उजेडात फिरवली. मग दुसरी. मग तिसरी.

"यातल्या काही परत वितळवायच्या आहेत का?"

"कशाला?"

"नाही, सहज."

सहज म्हणे. जाताना मूठभर गोळ्या खिशात घालून गेला. साचा माझ्या नवऱ्याचा, शिसं माझं, घाम माझा आणि नमुने याला. शिकायचं तर तोंडाने विचारावं माणसाने.

६ जुलै

टपालपेटीचा खांब कुणीतरी रस्त्याच्या आत सरकवलाय. काल गाडी वळवताना धक्का लागला. जोलीन म्हणते खांब तिथेच आहे, तुझे डोळे तपासून घे. मी म्हटलं, दिव्यांच्या कंपन्या बल्ब मंद करतात, वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात, आणि डोळे माझे तपासायचे. गावात आलेला डोळ्यांचा नवा डॉक्टर तर असा कोवळा आहे की त्याच्या हनुवटीला अजून दूध लागलेलं असेल.

तिने भांडी आपटली.

१३ जुलै

काल असं काही पाहिलं की आठवडाभर पुरेल.

मी पन्नास काडतुसं भरून डबा तयार केला होता. वेंडल म्हणाला, "आई, हा डबा एक दिवस मला द्याल? बघायचाय." मला बरंच वाटलं, खोटं का लिहू. दिला. संध्याकाळी रानचेरीचा मुरांबा द्यायला त्यांच्या गॅरेजात गेले, तर हा टेबलाशी बसून माझी काडतुसं एक एक करून काट्यावर ठेवतोय. सोनार बसतो तसा. बाजूला कागद, कागदावर पन्नास आकडे.

मी दारातच हसत सुटले. "अरे, भरलेलं काडतूस तोलून काय कळणार? पुंगळी पुंगळीत फरक, गोळी गोळीत फरक."

"एकदोन ग्रेनचा फरक कळत नाही, आई. पण मोठा असेल तर कळतो."

"माझ्या काडतुसात मोठा फरक?"

"मी शिकतोय फक्त." मग काटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, हॅल्वर असताना तुम्ही बघायच्या ना टॉर्चने? आता कोण बघतं?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"मी आलो तर चालेल. तसंही संध्याकाळी मोकळाच असतो."

मी म्हटलं, तू पेट्रोलचे पंप बघ. मुरांबा ठेवला आणि आले.

डबा आज परत मिळाला. बोटांनी चाचपला तर दोन काडतुसं इतरांपेक्षा जास्त गुळगुळीत लागली. घासूनपुसून चकचकीत केली असणार. मूळ काम येत नाही तो पॉलिश करतो. आज सकाळी चर्चच्या तळघरात कॉफीला मी ही काट्याची गोष्ट सांगितली तेव्हा डेल्बर्टच्या नाकातून कॉफी आली. डेल्बर्ट म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष, एकदा माझ्याशी नाचताना पडला होता, साठ वर्षांपूर्वी.

२ ऑगस्ट

आज वेंडलची अशी फजिती झाली की हॅल्वर असता तर त्याने वहीत लाल शाईने लिहिली असती.

सकाळी घळीतल्या मैदानावर सरावाला गेलो. ब्रिटा, मी, मागे वेंडल. मी काल रात्री जेवणाआधी नवा डबा भरला होता. वेंडल सकाळपासून त्याच्यामागे. "आई, निघण्याआधी जरा बघू का?" गाडीत पुन्हा, "आई, पाच मिनिटं द्या फक्त." मी डबा मांडीवर घेऊन बसले, त्यावर हात. तोलायचं वेड लागलेल्या माणसाला किती मोकळं सोडायचं?

ब्रिटाने दोन कोंबड्या पाडल्या. तिसऱ्या वेळी रायफलीतून नुसता 'फट्' असा आवाज आला, कागदी पिशवी फुटावी तसा. धक्का नाही, धूर नाही. ती खालची दांडी ओढून पुढचं काडतूस आत घेणार, एवढ्यात मागून वेंडल ओरडला, "थांब!" हा माणूस ओरडू शकतो हे मला आज कळलं. सगळं मैदान थांबलं. त्याने येऊन तिच्या हातावर हात ठेवला, रायफल मोकळी केली आणि खाली बसला. 

डेल्बर्टने नळीत पितळेची सळई घातली, हातोडीने ठोकलं, तर अर्ध्या नळीत अडकलेली गोळी बाहेर पडली. पुंगळीत दारूच नव्हती. बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या नुसत्या जोराने गोळी आत शिरून बसलेली. पुढची गोळी हिच्यावर आदळली असती तर नळी फुटली असती, आणि नळीमागे ब्रिटाचं तोंड होतं. 

"कुणाचं काडतूस?" डेल्बर्टने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वेंडल म्हणाला, "माझं. आईंच्या डब्यात माझं एक मिसळलं असणार."

क्लबचा नियम साधा आहे. ज्याचं काडतूस अडकलं, त्याचा डबा त्या वर्षी मैदानावर यायचा नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी लोखंडी जनावरं त्याने रंगवायची. डेल्बर्टने पाटीवर वेंडलचं नाव लिहिलं. पोरांनी लगेच त्याचं 'फुसका' असं नाव ठेवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, सरकारी वजनांचा साहेब, फुसका वेंडल. गाडीत मी त्याला म्हटलं, "निळ्या यंत्राची पाच कामं मोजलीस का रे? चारच झालेली दिसतात."  ब्रिटाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खिडकीबाहेर गहू बघत बसले.

३ ऑगस्ट

काल ती गोळी मी खिशात टाकून आणली होती. आज एप्रन धुताना हाताला लागली. बुडाशी बोट फिरवलं. चंद्रकोर.

वेंडलकडे आमचा साचा नाही. म्हणजे त्याने माझ्या चोरलेल्या गोळ्या आपल्या काडतुसात बसवल्या. जूनमध्ये मूठभर नेल्या होत्याच की. स्वतःच्या गोळ्याही धड ओतता येत नाहीत. जोलीनला हे सांगणार होते, पण सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मला माहीत नाही. गोळी खिडकीत ठेवली आहे.

११ ऑगस्ट

गाडीचा परवाना नवा करायला गेले. खिडकीतली बाई म्हणाली, "तिसरी ओळ वाचा."

मी म्हटलं, "कुठली ओळ?"

"तिसरी."

"आधी पाटी कुठे आहे ते सांग."

परवाना दिला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो काढा मग या, म्हणाली. काउंटीची पाटी असेल, कोण पुसतं ती. पण गाडीवाचून इथे माणूस नुसता कुंपणाचा खांब. जोलीनने फोन लावला. बिलिंग्जच्या इस्पितळात कुणाची तरी शस्त्रक्रियेची तारीख रद्द झाली होती, ती मला मिळाली.

४ सप्टेंबर

उजवा डोळा झाला. डावा थंडीत.

वेंडलने नेलं आणि आणलं. जाताना दोन तास, येताना दोन तास. रस्त्यात प्रत्येक गावात कुठला काटा किती चुकतो ते त्याने मला सांगितलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यावर पट्टी असली की तो पळूनही जाऊ शकत नाही. एका ठिकाणी थांबून त्याने मला ॲपल पाय खाऊ घातला, आंबट सफरचंदांचा. मी म्हटलं, तुकडा लहान आहे. तर त्याने आपला अर्धा माझ्या ताटलीत सरकवला. तोलून सरकवला असेल.

डॉक्टरला विचारलं, महिन्याभराने रायफल चालवू का. तो म्हणाला धक्का किती बसतो. मी म्हटलं, नातवंड खांद्यावर झोपी जातं तेवढा. हो म्हणाला.

९ सप्टेंबर

आज सकाळी पट्टी काढून पहिल्यांदा नीट चहूकडे बघितलं.

या वहीला रेघा आहेत. चांगल्या निळ्या, ठसठशीत. बल्बही ठीक आहे. टपालपेटीचा खांब जागच्या जागी आहे आणि त्याला माझ्या गाडीचा रंग लागलाय. आरसा बघितला. त्याबद्दल काही लिहीत नाही.

मग शेडमध्ये गेले. डॉक्टरने जड उचलू नका, वाकू नका सांगितलंय, बघू नका असं काही सांगितलेलं नाही. बिलिंग्जला जायच्या आदल्या दिवशी मी पन्नास पुंगळ्या भरून, टॉर्चने बघून, ठोकळ्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. गोळ्या तेवढ्या बसवायच्या होत्या. फडकं काढलं, टॉर्च लावला.

पहिली ओळ ठीक. दुसऱ्या ओळीत चौथी रिकामी. तळाचं पितळ लखलखतंय. पुढे आणखी एक रिकामी. आणि शेवटच्या ओळीत एक काठोकाठ, म्हणजे दोनदा घातलेली. रिकामीने नळी तुंबते. या तिसरीने काय होतं ते हॅल्वरने मला एकदा एका माणसाचा हात दाखवून सांगितलं होतं.

या मी बघितल्या होत्या. टॉर्च लावून, पन्नासच्या पन्नास.

कॉफीच्या डब्यातल्या जूनच्या गोळ्या टेबलावर ओतल्या. सुकलेल्या मनुका बऱ्या. निम्म्यांवर सुरकुत्याच सुरकुत्या.

मग स्टुलावर बसून राहिले. जुलैतली ती दोन गुळगुळीत काडतुसं घासलेली नव्हती. ती माझी नव्हतीच. तोलल्यावर जी दोन हलकी निघाली ती त्याने काढून घेतली आणि आपली ठेवली, आणि मी ते तळघरात कॉफीबरोबर सगळ्यांना हसून सांगितलं. ऑगस्टचा डबा मांडीवर धरून बसले नसते तर त्यातलंही निघालं असतं. गोळी चोरलेली नव्हती. काडतूस माझं, गोळी माझी, नात माझी. आणि मी गाडीत त्याच्या यंत्राची कामं मोजत होते.

तिन्ही पुंगळ्या रिकाम्या केल्या. मग उरलेल्या सत्तेचाळीसही. वेंडलचा मला फार राग आला. माणसाने सांगावं की नाही? पण त्याने सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि त्यालाही ठाऊक होतं, सव्वीस वर्षं जावई आहे तो.

४ ऑक्टोबर

स्पर्धा झाली.

गेल्या आठवड्यात मी नवीन पन्नास भरली होती, या नव्या डोळ्याने. तीनदा बघितली. अशी पन्नास मी दहा वर्षांत भरली नव्हती. डबा घेऊन गेले तर मैदानावर वेंडल गुडघ्यांवर बसून मेंढ्यांना पांढरा रंग देत होता, आणि डेल्बर्ट कॉफीच्या टेबलापासून ओरडत होता, "काय रे फुसक्या, रंगाचा डबा तरी भरलेला आणलास ना?" सगळे हसले. वेंडलही हसला. ब्रिटा हसली नाही.

मी टेबलाशी गेले.

"डेल्बर्ट, वेंडलला फुसकं काडतूस करता येत नाही. तेवढी मोकळीक त्याला त्याचं यंत्र देत नाही. ते माझं होतं."

खिशातून गोळी काढून ठेवली, बूड वर करून. डेल्बर्टने अंगठा फिरवला. त्याला दिसायची गरज नव्हती, तो साचा पडला तेव्हा तो आमच्या शेडमध्येच बसला होता.

"आर्डिस," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन महिने झाले त्याला. राहू दे की. आज स्पर्धा आहे. तुझं नाव पाटीवर गेलं तर तुझा डबा..."

"नियम तुला हॅल्वरने शिकवला तेव्हा मीच कॉफी ओतत होते. घे डबा."

माझी चांगली पन्नास त्याने टेबलाखाली ठेवली. पाटीवरचं नाव पुसून माझं लिहिलं. अक्षर पूर्वीपासून वाईटच आहे त्याचं.

वेंडल हाताला रंग लागलेला तसाच आला. "आई, याची काही गरज नव्हती."

"तू गप्प बस. खोटंसुद्धा तोलून बोलतोस. तुझी काडतुसं आहेत का गाडीत?"

होती. माझ्याच मापाची, दोन डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडे. मार्चपासून तो त्याच मापाची भरत होता, आणि त्याच्याकडे तर त्या मापाची रायफलच नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्याची काडतुसं वीतभर डावीकडे जातात. पहिल्या तीन कोंबड्या त्यातच गेल्या. मग मी आणि ब्रिटाने उजवीकडे धरायला सुरुवात केली. डुकरं सगळी पडली. गेल्या वर्षीचं ते डुकरूही, त्याला मी नावाने हाक मारून पाडलं. शेवटचा मेंढा ब्रिटाच्या गोळीने डुलला, डुलला आणि उभाच राहिला. दुसरा नंबर आला. हॅम पुन्हा दुसऱ्यांचा. आम्हाला सॉसेजचा दांडा. वेंडलला म्हटलं, तुझ्या गोळ्यांना दिशा कळत नाही. तो म्हणाला, "पण सगळ्या सुटल्या ना, आई?"

सुटल्या. चाळीसच्या चाळीस.

मेंढे पुन्हा मी रंगवले. ब्रिटाने ब्रश धुतले आणि माझ्या गालाला पांढरा रंग लावून पळाली.

१९ ऑक्टोबर

बाहेर पहिला बर्फ, शेडमध्ये शेगडी. पुढच्या वर्षीसाठी पन्नास भरायला घेतली. भरून झाली आणि खिडकीतून वेंडलला हाक मारली. तो हातमोजे घालून आला. म्हटलं, ते काढ, तुला कुणी शिसं पाजत नाहीये.

टॉर्च त्याच्या हातात दिला. "नुसता उभा राहू नकोस. बघ."

त्याने इतका वेळ घेतला की माझी कॉफी गार झाली. एकेका पुंगळीत असा डोकावत होता की आत कुणी राहतंय. पन्नासावी झाल्यावर म्हणाला, "एकवीस नंबर जरा कमी वाटतेय."

"कमी नाहीये."

"बघा तुम्ही."

बघितली. किंचित कमी होती. अगदी किंचित, चाललं असतं. ओतून पुन्हा भरली.

मग वही काढली. चार वर्षांनी पहिल्यांदा पुढून उघडली आणि त्याच्यासमोर ठेवली. "हॅल्वर जिथे थांबलाय त्याच्याखाली लिही. तारीख, शिसं, दारू. आणि शेवटच्या घरात तुझं अक्षर. पुढच्याच बाजूने लिहायचं. वही उलटी करायची नाही."

"का, मागे काय आहे?"

"मागे बायकांचं आहे."

त्याने लिहिलं. 'पाहिलं'च्या घरात एकेचाळीस वर्षांच्या माझ्या 'आ.'च्या रांगेखाली 'वें.' काढलं, रेघेला धरून. मग बोटाने मधली पानं चाळून बघितली आणि म्हणाला की कोरी अकराच उरलीत, नवी वही आणू का. मी म्हटलं, घाई नको, मला तुझ्याबद्दल फारसं लिहायचं नाहीये आता.

अक्षर चांगलं आहे त्याचं. हे फक्त इथे.